तो स्टारबक, ती स्टारबक

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झाली ती १७ सप्टेंबर १९७८ला, रविवारी रात्री. पहिलाच भाग मध्ये थांबवावा लागला, कारण नेमक्या त्याच वेळी व्हाइट हाउसमध्ये इजिप्त आणि इस्राएल यांच्या कॅम्प डेव्हिड करारावर सह्या होत होत्या आणि त्या दाखवणं वाहिनीला भाग होतं. सह्या झाल्या, मालिका पुढे सुरू झाली. पण तिचं नशीब त्यानंतरही अडखळतच राहिलं. 'स्टार वॉर्स'ची नक्कल केली म्हणून ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने दावा लावला. एकेका भागाचा खर्च त्या काळच्या मानाने अफाट होता. १९७९च्या वसंतात, एका हंगामातच, वाहिनीने तिला निरोप दिला. पुढच्या वर्षी 'गॅलॅक्टिका १९८०' नावाचं दहा भागांचं शेपूट निघालं. त्याबद्दल चाहते सहसा बोलत नाहीत, मीही बोलणार नाही.

म्हणजे हाती उरला तो एका हंगामाचा ऐवज. त्यावर लोकांनी पंचवीस वर्षं काढली. कथा साधी होती: सायलॉन नावाच्या यंत्रमानवांनी माणसांच्या बारा वसाहती बेचिराख केल्या आहेत, एकच मोठी युद्धनौका वाचली आहे, आणि तिच्या आडोशाने उरल्यासुरल्या जहाजांचा तांडा पृथ्वी नावाची एक ऐकीव जागा शोधत निघाला आहे. त्या नौकेवरचे दोन वैमानिक प्रेक्षकांना चिकटले ते कायमचे. एक अपोलो, नौकेच्या सेनानीचा मुलगा, कर्तव्याला वाहिलेला, थोडा कंटाळवाणाच. दुसरा स्टारबक. अनाथ, पत्त्यांचा नाद, तोंडात सिगार, एकाच वेळी दोन मुलींना शब्द देऊन बसलेला, आणि विमानात बसला की त्याच्या तोडीचा कोणी नाही. अपोलो होते रिचर्ड हॅच, स्टारबक डर्क बेनेडिक्ट.

डिसेंबर २००३मध्ये साय-फाय वाहिनीवर ही गोष्ट नव्याने आली तेव्हा स्टारबक बाई झाली होती.

कलाकारबदलावरच्या या पुस्तकाची सुरुवात मी या एका पात्रापासून करतो आहे. विज्ञानकथेच्या चाहत्यांमध्ये 'आमच्या पात्राला दुसरा चेहरा का दिलात' यावरून जेवढी भांडणं झाली, त्यांपैकी सगळ्यांत शिकवणारं भांडण मला हेच वाटतं. मोठी भांडणं आणखीही झाली, कडवटपणात तर याला मागे टाकणारी झाली. पण इथे भांडणाचा शेवट कोणाच्याही अपेक्षेप्रमाणे झाला नाही, आणि ज्या मालिकेवरून ते झालं तिनेच पुढे भांडणातला मूळ प्रश्न उचलून स्वतःचा केला.

नवी मालिका रॉनल्ड मूर आणि डेव्हिड आइक यांनी उभी केली. मूर यांना चाहत्यांचा राग नवा नव्हता. १९९४च्या 'स्टार ट्रेक जनरेशन्स' या चित्रपटात कॅप्टन कर्कला मारणाऱ्या दोन पटकथाकारांपैकी ते एक. तरीही गॅलॅक्टिकाच्या जुन्या चाहत्यांची जखम वेगळी होती हे लक्षात घ्यायला हवं. त्यांना नवी मालिका नकोच होती असं नाही. त्यांना जुनीच पुढे चालायला हवी होती. हॅच यांनी तर पदरचे पैसे घालून 'द सेकंड कमिंग' नावाची छोटी जाहिरातफीत बनवली होती. जुन्या पात्रांना वय वाढलेल्या रूपात पुढे न्यायचं, असा त्यांचा आराखडा. मेळाव्यांत ती फीत दाखवत ते फिरले. शिवाय गॅलॅक्टिकावर कादंबऱ्या लिहिल्या. २००१मध्ये ब्रायन सिंगर आणि टॉम डीसँटो यांचा पुढची गोष्ट सांगणारा प्रकल्प जवळजवळ उभा राहिला होता. तो लांबला, सिंगर 'एक्स-मेन'च्या दुसऱ्या चित्रपटाकडे गेले आणि सगळं विरलं. एवढी वाट पाहून दारात आलं कोण, तर मुळापासून नव्याने लिहिलेली मालिका आणि तिच्यात स्टारबक म्हणून केटी सॅकहॉफ.

मग व्हायचं ते झालं. २००३च्या गॅलॅक्टिकाच्या मेळाव्यात मूर नवी दृश्यं घेऊन गेले आणि त्यांना भर सभागृहात हुर्यो सोसावी लागली. नवे सेनानी अडामा, म्हणजे एडवर्ड जेम्स ओल्मोस, यांनी मालिका लागण्याआधीच जाहीर सांगून टाकलं होतं, की जुनी मालिका ज्यांच्या मनात घर करून बसली आहे त्यांनी ही पाहूच नये. प्रसिद्धीखात्याला ऐकताना काय वाटलं असेल कोण जाणे, पण त्या वर्षातला सगळ्यांत प्रामाणिक सल्ला तोच होता. बेनेडिक्ट यांनी नंतर एक जळजळीत लेख लिहिला. आता पुरुषाला पुरुष राहू देत नाहीत, असा त्याचा सूर. गंमत म्हणजे वाहिनीने त्याआधी दोन्ही स्टारबकांची भेट कॅमेऱ्यासमोर घडवून आणली होती. कुठे, तर अर्थात स्टारबक्समध्ये, कॉफीवर.

बेनेडिक्ट यांचा लेख आज वाचताना त्यातली चीड जुनाट वाटते, पण त्यातला एक धागा सोडून देता येत नाही. एखाद्या पात्रातलं काय काय काढलं तर ते पात्र उरत नाही? नव्या स्टारबकचं नाव कॅरा थ्रेस. 'स्टारबक' ही तिची विमानातली हाक. सिगार तसाच. पत्ते तसेच. वरिष्ठांशी उद्धटपणा तसाच, किंबहुना जास्त: पहिल्या भागातच ती कर्नल टायला ठोसा लगावते. अपोलोशी मैत्री तशीच, तिला आता दुसरी धार आलेली. विमान चालवण्यातलं दैवी कसब तसंच. गेलं ते पुरुषपण, आणि त्याच्याबरोबर गेला तो हलकेपणा. जुना स्टारबक जग बुडाल्यावरही मजेत राहू शकत होता. कॅराच्या मागे मारहाण करणारी आई आहे, आणि तिची प्रत्येक मजा कशापासून तरी पळण्याची मजा आहे. माझ्या मते जुन्या चाहत्यांचं खरं दुःख या हलकेपणाचं होतं. ते त्यांनी बाई-पुरुष या भाषेत मांडलं, आणि तिथे त्यांची बाजू पडली.

मुळात तेवढाच बदल झाला असता तर वेगळं. जुना टाय साकारला होता टेरी कार्टर यांनी, जुना बूमर हर्बर्ट जेफर्सन यांनी. दोघेही कृष्णवर्णीय अभिनेते, आणि १९७८च्या अमेरिकी दूरचित्रवाणीवर अधिकाराच्या जागी असे दोन चेहरे असणं ही लहान गोष्ट नव्हती. नव्या मालिकेत टाय झाले मायकल होगन, गोरे. बूमर झाली ग्रेस पार्क, कोरियन वंशाची. या बदलांचा बोभाटा स्टारबकच्या मानाने फारच कमी झाला. नव्या मालिकेला धाडसाचं श्रेय देणाऱ्यांनीही इकडे पाहिलं नाही. चाहत्यांचा संताप कुठे पेटतो आणि कुठे थंड राहतो, याची नोंद ठेवली तर त्यातून पात्रांइतकंच प्रेक्षकांबद्दलही कळतं.

आता हॅच. नव्या मालिकेला सगळ्यांत जाहीर विरोध त्यांचा होता आणि तो समजण्यासारखा होता. मूर यांनी त्यांना भूमिका देऊ केली: टॉम झॅरेक, सरकारी इमारत उडवून दिल्याबद्दल वीस वर्षं तुरुंगात असलेला राजकीय कैदी. हॅच यांनी ती घेतली. पहिल्या हंगामातल्या 'बॅस्टील डे' या भागात कैद्यांच्या जहाजावर कामासाठी माणसं मागायला पाठवला जातो तो नवा अपोलो, जेमी बँबर, आणि झॅरेक जहाजावर ताबा मिळवून त्याला ओलीस धरतो. जुना अपोलो नव्या अपोलोला बंदुकीच्या धाकात धरून विचारतो आहे, की तुमच्या या सरकारला निवडलं कोणी? कथेच्या पातळीवर हा प्रश्न निवडणुकांचा आहे. मालिकेच्या पातळीवर तो काय आहे, हे जुन्या चाहत्याला सांगावं लागत नाही. कलाकारबदलाच्या वादाला कोणत्याही निर्मात्याने दिलेलं इतकं नेमकं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. हॅच त्यानंतर चौथ्या हंगामापर्यंत मालिकेत येत राहिले, झॅरेक उपराष्ट्राध्यक्ष झाला, बंड करून गोळ्यांना सामोरा गेला. हॅच २०१७मध्ये वारले. तोवर नव्या चाहत्यांमध्ये असे कितीतरी होते ज्यांच्यासाठी ते आधी झॅरेक होते आणि मग, कधीतरी जुनी मालिका पाहिल्यावर, अपोलो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो मराठी वाचकाकडून तर नक्की येईल. भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे जाणं यात नवल ते काय? १९७०मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर उभे केले, नंतर ते दत्ता भट यांनी केले, सतीश दुभाषी यांनी केले. तुलना झाल्या, पण 'हे आमचे अप्पा नव्हेत' म्हणून कोणी मोर्चा नेला नाही. खरं आहे. पण रंगभूमीवर पडदा पडला की प्रयोग संपतो. आधीचे अप्पा फक्त पाहणाऱ्याच्या आठवणीत राहतात आणि नव्यासाठी जागा मोकळी होते. चित्रफितीवरचा बेनेडिक्ट कुठे जात नाही. तो आजही तितकाच तरुण आहे, आणि नव्या स्टारबकला त्याच्या आठवणीशी नाही, त्याच्याशीच स्पर्धा करायची असते.

दुसरं कारण खास विज्ञानकथेचं आहे. हे वाङ्मयच मुळी 'हा तोच का?' या प्रश्नावर पोसलेलं आहे. 'स्टार ट्रेक'मध्ये माणूस एका जागी विरघळतो आणि दुसऱ्या जागी उभा राहतो. तो आधीचाच की त्याची नक्कल, ही शंका त्या यंत्रात उभं राहायला नाखूष असलेल्या डॉक्टर मकॉयपासून आजपर्यंत कोणाची फिटलेली नाही. क्लोन, समांतर विश्वं, काळातून मागे जाणं: सगळीकडे एकाचे दोन होतात आणि खरा कोण हे ठरवावं लागतं. अशा कथांवर वाढलेला प्रेक्षक पात्राचा चेहरा बदलल्यावर गप्प बसेल ही अपेक्षाच चुकीची. त्याला कथेनेच हे शिकवलं आहे.

नव्या गॅलॅक्टिकाने तर हा प्रश्न उलटा टांगला. (मालिका पाहिली नसेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडावा.) तिच्यातले सायलॉन माणसासारखे दिसतात आणि एकेका साच्याच्या असंख्य प्रती आहेत. ग्रेस पार्क एकट्या किती जणी साकारतात! बूमर, जी आपण सायलॉन आहोत हे न कळता जगत असते आणि मग अडामावर गोळी झाडते. अथीना, जी सायलॉन असून माणसाशी लग्न करते. आणि बाकीच्या कित्येक, ज्यांना नावही नाही. पाहणारा काही भागांतच शिकतो, की चेहरा तोच असला तरी बाई ती नव्हे. उभं राहण्याची ढब, आवाजातली शंका, नवऱ्याकडे पाहण्याची नजर यांवरून तो ओळखू लागतो. दोन चेहऱ्यांत एक माणूस असू शकत नाही म्हणून जे भांडत होते, त्यांच्यासमोर मालिकेने एका चेहऱ्यात अनेक माणसं आणून ठेवली, आणि ती त्यांना बिनचूक वेगळी करता येऊ लागली.

आणि स्टारबक? तिसऱ्या हंगामात तिच्या विमानाचा स्फोट होतो. ती मरते. मग परत येते, कोरं करकरीत विमान घेऊन, काहीच न झाल्यासारखी. चौथ्या हंगामात एका जळालेल्या ग्रहावर तिला तिचंच प्रेत सापडतं. मग ही कोण? मालिकेने याचं सरळ उत्तर कधी दिलं नाही. शेवटच्या भागात ती बोलता बोलता दिसेनाशी होते. २००३मध्ये 'ही स्टारबक नव्हे' म्हणणारे एक चाहते होते. २००९मध्ये 'ही तीच स्टारबक आहे का' यावरून रात्री जागवणारे दुसरे चाहते होते. प्रश्न शब्दशः एकच आणि तो विचारणाऱ्यांची जात बदललेली. हे लेखकांनी ठरवून केलं की आपसूक झालं, यावर पुढे एक पूर्ण प्रकरण आहे, म्हणून इथे थांबतो.

पुस्तकात इतर मालिका-चित्रपट अर्थातच आहेत. 'डॉक्टर हू'ला टाळून या विषयावर बोलताच येत नाही. १९६६मध्ये विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली तेव्हा बीबीसीने डॉक्टरला नव्या देहात जन्मच घेऊ दिला. पॅट्रिक ट्राउटन आले आणि एका अडचणीतून कार्यक्रमाला अमरत्व मिळालं. बदल हाच जिथे नियम आहे तिथे तरी भांडण नसेल असं वाटेल. पण २०१७मध्ये जोडी व्हिटेकर यांचं नाव जाहीर झालं तेव्हा तिथेही ते झालं. त्याहून मौजेची गोष्ट वेगळी: हार्टनेल १९७५मध्ये गेल्यावर त्यांचाच डॉक्टर, म्हणजे पहिला, दोनदा दुसऱ्यांनी साकारला, १९८३मध्ये रिचर्ड हर्नडॉल यांनी आणि २०१७मध्ये डेव्हिड ब्रॅडली यांनी. डॉक्टर बदलतो हे ज्यांना मान्य, तेच 'पण पहिला डॉक्टर असा नव्हता' म्हणून वाद घालतात. त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही.

'स्टार ट्रेक'मधल्या खानबद्दल मात्र मी तटस्थ राहू शकत नाही. १९६७च्या 'स्पेस सीड' या भागात खान नूनियन सिंग पहिल्यांदा आला. हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असं यानावरची इतिहासतज्ज्ञ सांगते. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्दो मोंताल्बान यांनी, कातडी सावळी दिसेल अशा रंगभूषेत. पुढे १९८२च्या 'द रॅथ ऑफ खान'मध्येही मोंताल्बानच. अभिनय असा रुबाबदार, की खलनायकांच्या यादीत खानला ढळवणं अवघड. १९६७चा काळ, त्या काळची समज, हे सोडून देऊ. पण २०१३च्या 'इन्टू डार्कनेस'मध्ये खान झाले बेनेडिक्ट कंबरबॅच, गोरेपान इंग्रज. निर्मात्यांनी प्रदर्शनापर्यंत तो खान आहे हे लपवून ठेवलं, आणि नंतर एका चित्रकथेत खुलासा आला, की शस्त्रक्रियेने त्याचा चेहरा बदलला होता! विज्ञानकथेची पळवाट इतकी स्वस्त क्वचितच वापरली गेली असेल. याच 'स्टार ट्रेक'ने १९७९च्या पहिल्या चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांना घेतलं होतं, तेव्हा परग्रहावरची स्त्री म्हणून, डोकं तुळतुळीत भादरून. परग्रहावरची व्हायला भारतीय चालते, भारतीय व्हायला चालत नाही. २०२५मध्ये अखेर नवीन अँड्र्यूज या भारतीय वंशाच्या अभिनेत्याला खान मिळाला, पण श्राव्यमालिकेत. त्यात नुसता आवाज.

त्याच 'स्टार ट्रेक'ने २००९मध्ये मात्र काम फार हुशारीने केलं होतं. झॅकरी क्विंटो यांना स्पॉक करताना लेनर्ड निमॉय यांना म्हातारा स्पॉक म्हणून कथेतच आणलं, काळाचा फाटा फोडला, आणि जुन्याने नव्याला समोरासमोर मान्यता दिली. हॅच यांच्या प्रसंगाशी याची तुलना करून पाहावी. इथे आशीर्वाद आहे, तिथे उलटतपासणी. मला दुसरी वाट अधिक आवडते, कारण आशीर्वादाने वाद मिटतो आणि वाद मिटावा असं मला वाटत नाही.

जे वाद नाहीतच, त्यांना या पुस्तकात जागा नाही. २०१६च्या 'घोस्टबस्टर्स'नंतर लेस्ली जोन्स यांच्यावर जी गरळ ओकली गेली तिचा पात्रनिवडीशी काही संबंध नव्हता. तिचा अभ्यास व्हायला हवा, तो दुसऱ्यांनी करावा.

शेवटचा भाग मृतांबद्दल आहे आणि तो लिहिताना माझी मतं दोनदा फिरली. पीटर कुशिंग १९९४मध्ये वारले. २०१६च्या 'रोग वन'मध्ये त्यांचा ग्रँड मॉफ टार्किन पुन्हा चालता-बोलता दिसला: गाय हेन्री यांचा अभिनय, त्यावर संगणकाने चढवलेला कुशिंग यांचा चेहरा. (हेच कुशिंग साठच्या दशकात दोन चित्रपटांत 'डॉक्टर हू' झाले होते, म्हणजे तेही कोणाच्या तरी जागी आलेले.) दुसऱ्या टोकाला चॅडविक बोसमन. ते २०२०मध्ये गेले, आणि मार्व्हलने 'वाकांडा फॉरेव्हर'मध्ये टचालाची भूमिका दुसऱ्या कोणाला न देता त्याचा मृत्यूच दाखवला. या वेळी चाहत्यांतला एक मोठा गट उलटी मागणी करत होता: नवा नट आणा. कृष्णवर्णीय मुलांना मिळालेला राजा एका अभिनेत्याबरोबर का पुरायचा, असा त्यांचा सवाल होता. 'आमच्या पात्राला हात लावू नका' म्हणणारे आणि 'आमच्या पात्राला नवा देह द्या' म्हणणारे एकाच प्रेमाने बोलत असतात. २०१८च्या 'सोलो'मध्ये ऑल्डन एहरनराइक यांचा हान सोलो फारसा कोणाला पटला नाही, तरी तो जिवंत माणसाने घेतलेला धोका होता. चढवलेला चेहरा धोका घेत नाही. माझा कल आज एहरनराइक यांच्या बाजूला आहे.

वाचण्याच्या क्रमाबद्दल एक सूचना. प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, पण गॅलॅक्टिकाची तीन सलग वाचावीत. त्याआधी जुन्या मालिकेचा पहिला भाग आणि नव्या मालिकेतला 'बॅस्टील डे' एवढं तरी पाहून घ्यावं, आणि जमल्यास याच क्रमाने. दुसरा आधी पाहिला तर झॅरेक तुम्हाला नुसता झॅरेक दिसेल.